कारूच्या माळावरची पंगत

गेबेर्‍हाहून निघताना पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याने बजावलं होतं, "पाणी भरून घ्या, मध्ये फारसं काही नाही." गेबेर्‍हा म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं जुनं पोर्ट एलिझाबेथ. या नव्या नावाचा पहिला उच्चार जिभेने टाळूवर टिचकी मारून करायचा असतो; तो मला शेवटपर्यंत जमला नाही. तिथून अडीचशे किलोमीटर आत उत्तरेला गेलं की ग्राफ-रिनेट येतं. पोऱ्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही बाजूंना गुडघाभर झुडपांचा माळ, त्यात मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या, मधूनच पत्र्याच्या पात्यांची एखादी पवनचक्की जमिनीतलं पाणी उपसत कुरकुरत उभी. या प्रदेशाचं नाव कारू. मूळ खोईखोई लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ कोरडा. आपल्या माणदेशात जन्म गेलेल्या माणसाला इथे फारसं परकं वाटणार नाही.

मग डोंगर जवळ येतात, संडेज नावाची नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि त्या वळणात वसलेलं पांढरं, झाडांनी भरलेलं गाव दिसतं. मुख्य रस्ता सरळ जातो आणि एका चर्चपाशी अडतो. गाडीला दुसरा मार्गच नाही. चर्चला डावीकडून नाहीतर उजवीकडून वळसा घालूनच पुढे जायचं. पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटा जशा शेवटी देवळाशी पोचतात, तसं या गावाचं सगळं येणंजाणं या 'ग्रूट केर्क'भोवती, म्हणजे मोठ्या चर्चभोवती फिरतं.

पहिल्यांदा पाहताना माणूस गोंधळतो. आजूबाजूला सगळी बुटकी, चुन्याने पांढरी केलेली, हिरव्या झडपांच्या खिडक्यांची घरं. त्यांच्या मधोमध हा दगडी, टोकदार, इंग्लंडातून उचलून आणून ठेवल्यासारखा मनोरा. गोंधळ साहजिकच आहे, कारण नमुना खरोखर इंग्लंडातलाच. जेम्स बिसेट या वास्तुरचनाकाराने सॉल्सबरीचं कॅथीड्रल डोळ्यांपुढे ठेवून हे चर्च आखलं. 1886 मध्ये कोनशिला बसली, 1887 मध्ये उपासना सुरू झाली. सॉल्सबरीचं कॅथीड्रल तेराव्या शतकातलं, त्याचं शिखर 123 मीटरचं, ब्रिटनमधलं सगळ्यांत उंच. इथलं त्यामानाने लहान मूल. शिवाय एक मोठा फरक आहे. सॉल्सबरीचं शिखर इमारतीच्या पोटातून, क्रुसाच्या दोन भुजा जिथे मिळतात तिथून वर जातं. इथे मनोरा थेट दर्शनी बाजूला, दरवाजाच्या डोक्यावर आणलाय. कारणाची कल्पना रस्त्यावर उभं राहिलं की येते. आख्खा रस्ता नाकासमोर त्याच्याकडेच चालत येतो, तेव्हा जे काही दाखवायचं ते पुढेच दाखवायला हवं.

दगड इथलाच, आसपासचा. भिंती करड्या-तपकिरी, खिडक्यांच्या चौकटी आणि कोपरे फिकट, त्यामुळे उन्हात प्रत्येक रेघ वेगळी उठून दिसते. कमानी टोकदार, भिंतींना आधार देणारे तिरपे टेकू, टेकूंवर सुळक्यांसारखी छोटी शिखरं. गॉथिक शैलीचं सगळं सामान हजर आहे.

आणि इथेच पहिली विसंगती आहे. चर्च आहे डच रिफॉर्म्ड पंथाचं. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिनने ज्या धर्मसुधारणेचा पाया घातला, तिने गॉथिक कॅथीड्रलमधल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर काट मारली होती. मूर्ती नकोत, संतांची चित्रं नकोत, मेणबत्त्यांची आरास नको, मुख्य म्हणजे वेदी नको. 1566 मध्ये नेदरलँड्समध्ये लोकांनी चर्चांत घुसून मूर्ती फोडल्या. त्या पंथाच्या उपासनेत दोनच गोष्टी मध्यभागी राहिल्या. एक व्यासपीठ, जिथून वचन वाचून समजावून सांगायचं. दुसरं टेबल. साधं लाकडी टेबल, ज्याच्याभोवती सगळ्यांनी बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्याला प्रभुभोजन म्हणतात, ते हे. वेदीपाशी पुरोहित उभा राहतो आणि भक्त गुडघे टेकतात. टेबलापाशी सगळे बसतात. सुधारणेचा अख्खा मुद्दा या बसण्यात आहे.

दुपारी चर्चच्या कार्यालयातल्या बाईंनी दार उघडून आत सोडलं. बाहेरच्या दगडी थाटामाटाची आत अपेक्षा ठेवली होती, ती फोल ठरली. लाकूड, बाकं, समोर व्यासपीठ. क्रुसावरचा येशू कुठे नाही, मूर्ती नाही. कवच मध्ययुगाचं आणि गाभा धर्मसुधारणेचा. मी टेबलापाशी थोडा रेंगाळलो. बाई म्हणाल्या, "पूर्वी लांबच लांब टेबलं मांडायचे. एक पंगत उठली की दुसरी बसायची." पंगत हा शब्द अर्थातच माझा, त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत दुसरा चालला नसता.

या पंगतीला इथे 'नाख्माल' म्हणतात. शब्दशः रात्रीचं जेवण, म्हणजे येशूने शिष्यांबरोबर घेतलेलं शेवटचं भोजन. कारूत शेतं हजारो एकरांची, शेजाऱ्याचं घर तासा-दोन तासांच्या अंतरावर. रविवारी चर्चला जाणं दर आठवड्याला शक्यच नसे. म्हणून वर्षातून साधारण चार वेळा, तीन महिन्यांनी, नाख्माल ठरायचा. बैलांचे तांडे जोडलेले मोठे वॅगन घेऊन, कित्येक दिवसांचा प्रवास करून कुटुंबंच्या कुटुंबं गावात यायची. चर्चच्या चौकात वॅगन सोडायचे, राहुट्या ठोकायच्या. त्या चार दिवसांत मुलांचे बाप्तिस्मे व्हायचे, लग्नं लागायची, लोकर विकली जायची, मीठ-साखर-कापड खरेदी व्हायचं, तरुण पोरं एकमेकांना बघून घ्यायची. ज्यांना परवडे ते याच कामासाठी गावात छोटं घर बांधून ठेवत, वर्षभर बंद आणि नाख्मालपुरतं उघडं. आपल्याकडे जत्रेला गेलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. एवढं मोठं चर्च एवढ्याशा गावात का, याचंही उत्तर यात आहे. ते गावासाठी नव्हतंच, ते साऱ्या मुलखासाठी होतं.

गाव वसलं 1786 मध्ये. केप टाउन, स्टेलेनबॉश आणि स्वेलेन्डॅम यांच्यानंतरचं देशातलं चौथं जुनं गाव म्हणून ते ओळखलं जातं. त्या वेळी केपवर राज्य होतं डच ईस्ट इंडिया कंपनीचं. हीच कंपनी जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. केपचा गव्हर्नर व्हान द ग्राफ आणि त्याची बायको रिनेट यांच्या नावांची जोडी लावून गावाला नाव दिलं. आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून घडलेली इथली भाषा, बोलणारे 'ग' घशातून खरवडून काढतात, त्यामुळे ऐकताना ते 'ख्राफ' ऐकू येतं. 1795 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला हाकलून दिलं आणि चक्क स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. ते फार टिकलं नाही. पण गावाचा स्वभाव कळायला एवढं पुरे.

या स्वभावाची दुसरी बाजू 1801 सालच्या एका प्रसंगात दिसते. आजचं चर्च तेव्हा नव्हतं, आधीचं होतं. लंडन मिशनरी सोसायटीचा योहानेस व्हान डर केम्प हा डच पाळक गावात आला होता. हा माणूस आधी घोडदळातला अधिकारी, मग डॉक्टर, मग मिशनरी. शेतांवरच्या जाचाला कंटाळून गावात आसरा घ्यायला आलेल्या खोईखोई लोकांना तो चर्चमध्येच जमवून लिहायला-वाचायला आणि धर्म शिकवू लागला. शेतकरी पेटले. हत्यारं घेऊन ते गावावर चालून आले. त्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी चर्चबद्दल होती: खोईखोईंना चर्चमधून बाहेर काढा, ते बसले ती बाकं धुऊन काढा, त्यांचे पाय लागले ती फरशी उखडा आणि व्यासपीठावर काळं कापड घाला.

हे मी गावातल्या एका बाकावर बसून वाचत होतो आणि हातातलं पुस्तक मिटलं. बाकं धुवा, फरशी उखडा. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्यायले, तेव्हा मागाहून तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेणारे लोक आपल्याच कोकणातले होते. दोन्ही प्रसंगांमध्ये सव्वाशे वर्षं आणि एक महासागर आहे. कोणी कोणाकडून शिकलेलं नाही. तरी कृती अगदी तीच, बादलीभर पाण्यासकट.

व्हान डर केम्प वाद न वाढवता आपल्या लोकांना घेऊन दुसरीकडे उपासना करू लागला. पुढे 1803 मध्ये त्याने किनाऱ्याजवळ बेथल्सडॉर्प ही वसाहत उभारली.

1806 मध्ये केप इंग्रजांच्या हाती कायमचं आलं. त्यांना डच मंडळी आपल्या कह्यात ठेवायची होती, पण पाळक कॅल्व्हिनपंथीच हवेत, नाहीतर लोक ऐकणार नाहीत. गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेटला तोडगा सापडला स्कॉटलंडमध्ये. तिथले प्रेस्बिटेरियन पाळक ब्रिटिश प्रजाजन, आणि शिकवण कॅल्व्हिनची. त्यांना आधी हॉलंडमध्ये डच शिकायला धाडायचं आणि मग केपला. असा एक तरुण स्कॉट, अँड्र्यू मरी, 1822 मध्ये ग्राफ-रिनेटला आला आणि 1866 पर्यंत, मरेपर्यंत, इथेच राहिला. नंतर त्याचा मुलगा चार्ल्स पाळक झाला, तो 1904 पर्यंत. बाप-लेकांनी मिळून ब्याऐंशी वर्षं एकच व्यासपीठ सांभाळलं. आजचं चर्च चार्ल्सच्या काळातलं. स्कॉटिश पाळक, डच मंडळी, इंग्लिश नमुना. दगडाकडे नीट पाहिलं की तिन्ही धागे दिसतात.

मरी कुटुंबाचं घर, 'रिनेट हाउस', चर्चपासून पायी चालत जाण्याइतकं जवळ आहे. 1812 च्या सुमाराचं, केप डच धाटणीचं, वळणदार कळसाच्या पांढऱ्या भिंतीचं. आता ते संग्रहालय आहे. मागच्या अंगणात चार्ल्स मरीने 1870 मध्ये लावलेला द्राक्षाचा वेल आहे. वेल म्हणायला जीभ कचरते, कारण खोड एखाद्या जुन्या चिंचेसारखं पिळदार झालंय. याच घरात 1828 मध्ये जन्मलेला मोठ्या मरीचा मुलगा, धाकटा अँड्र्यू, पुढे भक्तिपर पुस्तकं लिहून जगभर प्रसिद्ध झाला.

पण मला जास्त विचारात पाडलं ते थोरल्या मरीने. 1829 मध्ये केपच्या सिनडने, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च सभेने, ठराव केला होता की प्रभुभोजन रंगाचा किंवा कुळाचा भेद न करता सर्वांना एकत्रच द्यावं. कागद नेटका होता. प्रत्यक्षात 1834 मध्ये गुलाम मोकळे झाले, मिशनच्या कामाने काळे आणि मिश्रवंशीय सभासद वाढले, आणि गोऱ्या सभासदांना त्यांच्याबरोबर टेबलाशी बसणं जड जाऊ लागलं. स्टॉकेनस्ट्रॉमच्या मंडळीतल्या काही गोऱ्यांनी वेगळी पंगत मागितली. प्रकरण 1857 च्या सिनडपुढे आलं. वाद चिघळला तेव्हा मधला मार्ग काढणारा ठराव मांडायला उठले ते ग्राफ-रिनेटचे पाळक, थोरले अँड्र्यू मरी. ठरावाचा आशय असा: सगळ्यांनी एकाच मंडळीत असणं हेच शास्त्राला धरून आहे आणि तेच इष्ट आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळे त्याने कामात अडथळा येत असेल, तर इतरांसाठी वेगळ्या इमारतीत वेगळी सोय करायला हरकत नाही.

काहींच्या दुबळेपणामुळे. हे दोन शब्द मी दोनतीनदा वाचले. मांडणारा माणूस वाईट नव्हता. त्याने भेद बरोबर आहे असं म्हटलंच नाही. उलट तो दुबळेपणा आहे असं लिहून ठेवलं. आपल्याकडे अशा माणसाला समजूतदार म्हणतात. जेवणावळीत कुरबूर नको म्हणून 'त्यांची पंगत मागाहून बसवू' असं सुचवणारे यजमान आपण पाहिलेत. पंक्तिभेद हा शब्दच आपला आहे. त्यामुळे या गोष्टीचं पुढे काय होतं ते सांगायला मला कोणाची गरज नव्हती. अपवाद रीत झाला, रीत नियम झाली. 1881 मध्ये मिश्रवंशीयांसाठी स्वतंत्र मिशन चर्च उभं राहिलं, पुढे काळ्यांसाठी आणखी वेगळं. विसाव्या शतकात सरकारने वर्णभेदाचं धोरण आखलं, तेव्हा त्याला धर्माचा आधार शोधणाऱ्यांना आदर्श दाखवायला हीच वेगवेगळी चर्चं तयार होती.

उलटा प्रवास टेबलापासूनच सुरू झाला. 1982 मध्ये ऑटाव्हात भरलेल्या जागतिक रिफॉर्म्ड परिषदेत, दक्षिण आफ्रिकेच्या काही काळ्या आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींनी गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी जे आम्हाला नाकारतात, त्यांच्याबरोबर इथे कसं बसायचं? परिषदेने वर्णभेदाचं धर्माने केलेलं समर्थन पाखंड ठरवलं आणि गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. त्याच वर्षी मिशन चर्चने बेलहार इथे एकतेचं आणि न्यायाचं आपलं कबुलीपत्र लिहिलं, 1986 मध्ये ते रीतसर स्वीकारलं. 1994 मध्ये मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च एकत्र आली. गोरं चर्च त्यात अजून सामील नाही. वर्णभेद हे पाप होतं असा ठराव मात्र त्याने 1998 मध्ये केला.

चर्चसमोरच्या चौकाची आणखी एक आठवण आहे, ती गोऱ्यांमधल्याच भांडणाची. बोअर, म्हणजे डच वंशाचे शेतकरी, आणि इंग्रज यांच्यातल्या बोअर युद्धात इंग्रजांच्या हाती लागलेल्या गिडियन स्कीपर्स या तेविशीतल्या बोअर सेनानीला इथे लष्करी कोर्टाने देहान्ताची शिक्षा दिली. 17 जानेवारी 1902 रोजी या चौकात, लोकांना जमवून, शिक्षा वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी आजारी स्कीपर्सला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. त्याचं प्रेत कुठे पुरलं हे कधीच सापडलं नाही. इंग्लंडच्या कॅथीड्रलची प्रतिकृती पाठीशी आणि समोर इंग्रजांचं फर्मान ऐकणारे बोअर, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघावं. त्या युद्धातले हजारो बोअर कैदी बोटींनी दूर देशांत पाठवले गेले, त्यांतले काही आपल्या अहमदनगरच्या छावणीतही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या दुसऱ्या अंगाला गेलो. उमासिझाखे ही काळ्यांची वस्ती. टिचकीच्या त्या भाषेत, म्हणजे कोसात, नावाचा अर्थ 'चला, आपलं आपण उभारू'. पाण्याच्या टाक्या, पत्र्याची छपरं, गल्लीत फुटबॉल. इथे 1924 मध्ये रॉबर्ट सोबुक्वे जन्मला. 1959 मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस स्थापन करणारा, 1960 मध्ये ज्याच्या हाकेवर लोकांनी काळ्यांना सक्तीने बाळगावे लागणारे पास घरी ठेवून अटक करवून घ्यायचं ठरवलं आणि शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसं मेली, तो हा माणूस. शिक्षा संपल्यावरही त्याला सोडायला लागू नये म्हणून संसदेने खास कलम केलं, जे दुसऱ्या कोणालाच लावलं गेलं नाही. रॉबेन बेटावर सहा वर्षं तो एका स्वतंत्र घरात एकटा होता, इतर कैद्यांशी बोलायचीही परवानगी नव्हती. 1978 मध्ये किंबर्लीला तो वारला आणि दफनासाठी त्याला या गावी आणलं. कबर साधी आहे, पण तिची मोडतोड झालीय, एकदा नाही, अनेकदा. गावाला त्याचं नाव द्यावं की जुनं राहू द्यावं, यावर इथे वर्षानुवर्षं वाद झाला, आणि दोन्ही बाजूंचे लोक चहापेक्षा जास्त गरम झाले.

या गावात 220 हून अधिक इमारती संरक्षित आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त. स्ट्रेच कोर्ट नावाची एक गल्ली आहे. छोटी, पांढरी, रंगीत दारांची घरं. ती मुळात सुटलेल्या गुलामांच्या आणि मजुरांच्या वस्तीची. आज तिथे एका हॉटेलच्या खोल्या आहेत. खोलीचं भाडं ऐकून मी गुपचूप दुसरी सोय पाहिली.

संध्याकाळी गाडी काढून डोंगरावर गेलो. गावाभोवती कामदेबू राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या माथ्यावर 'ओसाड दरी', डोलेराइटचे शंभर-सव्वाशे मीटर उंच सुळके दरीत जिभांसारखे उभे. आमच्या सह्याद्रीत असं काही दिसलं की गडकरी आठवतात. इथे बबून माकडं बसली होती. तिथून गाव पूर्ण दिसतं: नदीचं वळण, झाडांची रांग, पांढऱ्या भिंती, मधोमध तो मनोरा. थोड्या अंतरावर दाट, रंगीबेरंगी छपरांच्या वस्त्या, ज्यांत उमासिझाखे होती आणि क्रूनव्हेल, जिथे वर्णभेदाच्या कायद्यांनी मिश्रवंशीयांना हलवलं.

फोटो काढताना उन्हाची तिरीप आली म्हणून हात पुढे धरला. मनोरा आणि ती छपरं, दोन्ही माझ्या एका अंगठ्याआड गेली. खाली चालताना तेच अंतर पार करायला मला पाऊण तास लागला होता. उद्यानाचं फाटक बंद व्हायची वेळ झाली म्हणून रखवालदाराने हॉर्न वाजवला. मी हात खाली घेतला.